शामराव साटमांनी दोन कार्डं दिली

लालबागच्या नारायण निवासात शामराव साटमांना पाठीमागे सगळे ‘शिट्टी’ म्हणतात. नाव उगीच पडलेलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा शामराव तिशीच्या आतले होते. पुढे सगळी नोकरी त्यांनी बागेच्या राखणदारीत काढली, गळ्यात शिट्टी अडकवून. हिरवळीवर कोणाचं पाऊल पडलं की फुर्र! बाकावरचं जोडपं जरा जवळ सरकलं की फुर्र! रिटायर झाले तेव्हा शिट्टी त्यांनी जमा केली, पण फुंकायची खोड कोण जमा करून घेणार? चाळीच्या जिन्यातली ‘थुंकू नये’ ही पाटी त्यांच्या हातची, गॅलरीतली ‘चपला भिंतीलगत काढाव्यात’ तीही त्यांचीच. लोक त्या पाटीखालीच चपला आडव्यातिडव्या टाकतात, तो भाग वेगळा. शामरावांचे नियम मुकाट पाळणारं माणूस अख्ख्या चाळीत एकच: त्यांच्या सौभाग्यवती, सुभद्राबाई.

असल्या माणसाला कोणी क्रूझवर पाठवतं का? पण पाठवलं. लेकीनं, दर्शनानं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून आईबापांना मुंबई-लक्षद्वीपची तिकिटं दिली, आणि वर बोटीच्या नियमांचं चोवीस पानी पुस्तक मराठी करून, छापून दिलं. ती चूक तिला आजही खटकते. महिनाभर शामरावांनी पोथीसारखं त्याचं पारायण केलं. लिफ्टमध्ये आधी बाहेरच्यांना येऊ द्यायचं. डेकवरची खुर्ची टॉवेल टाकून अडवायची नाही. बुफेत चिमट्यानं घ्यायचं, ताटात मावेल तेवढंच घ्यायचं, आणि बाहेर काही न्यायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. हाका मारायच्या नाहीत.

“आणि शिंकायचं?” सुभद्राबाईंनी विचारलं होतं.

“कोपरात.”

बोटीवर चढल्यावर प्रत्येकाला एकेक कार्ड मिळालं. फोटोवालं. त्याच्यावरच खोलीचं दार उघडायचं, त्याच्यावरच बोटीतून उतरायचं-चढायचं, आणि संकट आलं तर कुठे जमायचं ते अक्षरही त्याच्यावरच. शामरावांनी दोन्ही कार्डं आपल्या खिशात ठेवली. “तू हरवशील,” म्हणाले. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, सगळं आयुष्यभर त्याच खिशात होतं. त्यात आणखी एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला भांडण झालं. टेबलावर समोर माटुंग्याच्या एक बाई बसल्या होत्या, वैद्यबाई म्हणून, एकट्याच आलेल्या, बोलक्या. दोघींचं लगेच जमलं. सांधेदुखी, सुना, ओला नारळ केवढ्याला, सगळं निघालं. सुभद्राबाई इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. शामराव डोळ्यांनी दटावत होते. तेवढ्यात सुभद्राबाईंनी दोन इडल्या कागदी रुमालात गुंडाळल्या आणि पर्समध्ये टाकल्या. वाढणाऱ्या पोरानं ते पाहिलं आणि तो हसला.

ते हसूच शामरावांना लागलं. रागावले की ते मालवणीवर येतात.

“तुका खंय न्हेवची सोय नाय!” चार टेबलांना ऐकू जाईल असं ओरडले. मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम तेवढ्यापुरता समुद्रात.

सुभद्राबाईंचा हात पर्सवर तसाच राहिला. मग त्या उठल्या. “मगे न्हेव नकात. मी जातंय माझी,” एवढं म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शामराव उठले नाहीत. चहा थंड झाला होता, तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. बाईमाणूस रुसलं की पाठीमागे धावायचं नाही, हा नियम पुस्तकात नव्हता. तो त्यांचा घरचा.

अर्ध्या तासानं भोंगा वाजला. बोट एका बाजूला कलली, टेबलावरचे चमचे घरंगळले, आणि बाहेरचं पाणी गोल फिरतंय असं दिसायला लागलं. लाउडस्पीकरवर आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगितलं: वरच्या डेकवरच्या एका प्रवाशानं काहीतरी पाण्यात पडताना पाहिलं आहे. सर्वांनी आपापल्या जमायच्या जागी जावं, कार्ड दाखवावं, माणसं मोजायची आहेत.

शामराव ‘ब’ जागेवर पोचले, अर्थात पहिल्या दहांत. मागे मोठी रांग लागली. कुणी ओल्या चड्डीत, कुणी अर्धी दाढी केलेला. गळ्यात मशीन अडकवलेला पोरगा घाईघाईनं कार्डं टिपत होता. शामरावांनी खिशात हात घातला आणि पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं दोन्ही कार्डं पुढे केली.

“मॅडम?” पोरानं विचारलं.

“मागे आहे,” शामरावांनी मान हलवली. येतच असेल. कुठे जातेय?

पोरानं रांगेकडे पाहिलं. मागे पन्नास बाया होत्या. मशीन टिक् वाजलं, पुन्हा एकदा टिक् वाजलं. दोघं हजर.

शामराव बाजूला जाऊन भिंतीला टेकले आणि येणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. रांग सरली. सुभद्राबाई आल्या नाहीत. शेजारी दोन गुजराती गृहस्थ बोलत होते. ज्यानं पाहिलं म्हणे, त्यानं शपथेवर सांगितलंय: जांभळी साडी होती. खाली जाताना पसरली आणि लाटेत गेली.

सुभद्राबाईंकडे जांभळी साडी होती. दर्शनानंच घेतलेली, बोटीसाठी. काल संध्याकाळी नेसल्या होत्या. आणि आज? शामरावांनी डोळे मिटले. समोर टेबल आलं, इडली आली, चटणीची वाटी, वैद्यबाईंचा चष्मा, पोराचं हसू, सगळं जसंच्या तसं आलं. फक्त बायको काय नेसली होती ते येईना. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. तिचा हात दिसायचा, पर्स दिसायची, अंगावरच्या कपड्याच्या जागी नुसतं धुरकट. पंचेचाळीस वर्षांची बायको, तासाभरापूर्वी समोर बसलेली, त्यांना दिसेना. दिसत नव्हती, पण ऐकू मात्र यायला लागली. मी जातंय माझी. मी जातंय माझी.

तेवढ्यात लाउडस्पीकर पुन्हा बोलला. सर्व प्रवासी आणि कर्मचारी मोजून झाले आहेत. संख्या बरोबर आहे. सहकार्याबद्दल आभार, आपण पुढे निघत आहोत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “चला, सुटलो! टॉवेलबिवेल असेल कोणाचा तरी.” पायाखालची जमीन इंजिनानं थरथरायला लागली. शामराव घड्याळाकडे बघत होते. दहा वाजून चार मिनिटं.

संख्या बरोबर नव्हती. हे साऱ्या बोटीत एकट्या शामरावांना माहीत होतं. आता तोंड उघडायचं आणि सांगायचं: थांबा, मी खोटी हजेरी लावली, एक माणूस कमी आहे. एवढंच. पण समजा ती खोलीत असली तर? खोलीत कशी असेल, दार उघडायला कार्ड कुठे तिच्याकडे? समजा संडासात असली, डेकवर असली, तर सगळ्या बोटीसमोर आपलं हसं. आणि नसली तर? बोलेपर्यंत ती बेपत्ता नव्हती. मशीनमध्ये ती हजर होती. बोललं की संपलं. खोटं कशाला बोलायचं, भीती होती आणि लाजही होती, आणि त्यातली मोठी कुठली हे त्यांना आजही सांगता यायचं नाही.

ते कठड्यापाशी गेले. बोटीमागे पांढरा पट्टा लांब लांब होत चालला होता. पट्ट्याच्या टोकाला कुठेतरी ती जागा होती, आणि ती दूर चालली होती. एकदा “अहो” म्हणून तोंड उघडलं, समोरून जाणाऱ्या बाई थांबल्या, आणि शामरावांनी मान फिरवली. कुणीतरी आपल्याला विचारावं, ‘काका, काकू कुठायत?’ एवढंच त्यांना हवं होतं. चाळीत असते तर शंभरदा विचारलं असतं; तिथं माणूस शिंकला तरी तीन खोल्यांतून चौकशी होते. इथं कोणी कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. सगळे रीतसर वागत होते.

आणि मग, दहा वाजून पंधरा मिनिटांनी, शामराव ओरडले. शब्द नव्हतेच आधी, नुसता आवाज. खुर्च्यांवर पुन्हा पसरलेली माणसं दचकून उठली.

“थांबवा! बोट थांबवा! माझी बायको नाही! ती नाही! कार्ड मी दिलं तिचं!”

धावत एक मुलगी आली. गणवेशावर नाव होतं, वैशाली कांबळे. परळची निघाली. तिनं त्यांना धरून खाली बसवलं, वायरलेसवर भराभर बोलली आणि मग मराठीत विचारलं, “काका, श्वास घ्या. काकूंचं नाव?”

“सुभद्रा. सुभद्रा साटम.”

“शेवटचं कधी पाहिलंत?”

“नाश्त्याला. मी बोललो तिला. मी नको ते बोललो गं.”

“काका, घातलंय काय त्यांनी? साडी? रंग कुठला?”

शामरावांनी तिच्याकडे पाहिलं. “मला माहीत नाही,” म्हणाले, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. वैशालीनं हात धरले तरी थांबेनात. बोट पुन्हा कलली. पुन्हा पाणी गोल फिरलं.

वायरलेस खरखरला. वैशालीनं तो कानाला लावला आणि दुसऱ्यांदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “काका, उठा. ‘ड’ जागेवर एक आजी आहेत. कार्ड नाही म्हणून त्यांना बाजूला बसवून ठेवलंय. मोजणी बरोबर आली, म्हणून कोणी पुढे विचारलंच नाही.”

शामराव कसे चालले ते त्यांना आठवत नाही. बोटीच्या दुसऱ्या अंगाला भिंतीलगत सुभद्राबाई बसल्या होत्या, शेजारी वैद्यबाई. आपली जागा कुठली ते कार्डावर, कार्ड नवऱ्याकडे. म्हणून वैद्यबाईंनी त्यांना आपल्यासोबत नेलं होतं. अंगावर पिवळा, बारीक फुलांचा पंजाबी ड्रेस होता. साडी नव्हतीच.

“काय झालं?” त्या उठल्या. “तोंडाला काय लागलं तुमच्या? लाल का झालंय?”

वैशालीनंच सांगितलं. जांभळी साडी म्हटल्यावर सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला.

“माझीच ती! काल डाळ सांडली होती पदरावर. पहाटे धुतली आणि बाल्कनीत टाकली. टाकायची नसते, ठाऊक होतं मला. म्हणून तर पडद्याआड टाकली, ह्यांना दिसू नये म्हणून.” बोलता बोलता त्या थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्हाला वाटलं… मी?”

शामरावांनी मान हलवली.

“आणि कार्ड दिलंत माझं. मी हजर म्हणून.”

“हो.”

“मग बोट निघाली?”

“हो.”

“मग सांगितलंत?”

“हो.”

“लगेच?”

वैद्यबाई समुद्राकडे बघायला लागल्या. वैशालीनं उगाच वायरलेसचं बटण दाबलं. शामरावांना खोटं बोलता आलं असतं. बाजूच्या दोघींनी ते खरं मानूनही घेतलं असतं.

“अकरा मिनिटांनी,” ते म्हणाले.

सुभद्राबाईंनी ओढणीनं नाक पुसलं. मग हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“सात-आठ तरी म्हणायचं होतंत हो.”