दोन मजल्यांमधली शिकवणी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिस्त्री गणितात दुसऱ्यांदा नापास झाला. पहिल्या खेपेला सतरा मार्क पडले होते, या खेपेला एकोणतीस. पास व्हायला शंभरात चाळीस लागायचे.

"प्रगती आहे की!" बायको म्हणाली. ती एका इस्पितळात कपड्यांच्या विभागात होती आणि कुठल्याही गोष्टीतली बरी बाजू शोधायची तिला सवयच लागली होती. "अशाच वेगाने गेलात तर पुढच्या वेळी एक्केचाळीस."

"एका मार्काने पास," आठवीतल्या लेकीने हिशेब पक्का केला.

मिस्त्री हसला खरा, पण ते हसू ओठांवरचंच. एकवीस वर्षं तो लिफ्टची दुरुस्ती करत होता. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा. पण कंपनीने नव्या तऱ्हेचे कंट्रोलर आणले, त्यांच्यासोबत आकडेमोडीने भरलेल्या जाड पुस्तिका आल्या, आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं बसल्यागत त्याला वाटायला लागलं. म्हणून त्याने विद्यापीठाच्या संध्याकाळच्या इंजिनिअरिंगला नाव घातलं. बाकीचे विषय रडतखडत सुटले. 'गणित तीन' मात्र मानगुटीवर बसलं ते उतरेना.

मदत शोधली नाही असं नाही. आधी बायकोच्या भाच्याला विचारलं. पोरगा हुशार, नुकताच इंजिनिअर झालेला. पण त्याचं प्रत्येक वाक्य "काका, हे तर सोपं आहे" असं सुरू व्हायचं आणि ते ऐकलं की मिस्त्री नुसती मान डोलवायचा. जे सोपं आहे तेच कळत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तीन रविवारांनंतर दोघांनीही कामाचं निमित्त काढलं आणि दोघांनाही बरं वाटलं.

मग एका मोठ्या क्लासला गेला. कामावरून थेट, कंपनीच्या निळ्या शर्टातच. आत पाऊल टाकलं तशी पुढची दोन बाकं उभी राहिली. पोरांना वाटलं, सर आले. खरे सर आले तेव्हा सगळे खो खो हसले. मिस्त्री मागच्या बाकावर अंग चोरून बसला. चौथ्या दिवशी वरचा पंखा बंद पडला आणि नव्वद डोकी एकदम त्याच्याकडे वळली. त्याने बाकावर चढून पंखा सुरू करून दिला, टाळ्याही मिळाल्या, पण खाली उतरेपर्यंत फळा दोनदा पुसून झाला होता. पाचव्या दिवशी तो गेला नाही.

अशातच एका दुपारी फोन आला. एका सहा मजली इमारतीत लिफ्ट तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एक वयस्कर बाई होत्या. मिस्त्री दहा मिनिटांत पोचला. पण एकट्याने मशीनला हात लावायचा नाही असा नियम होता: एकाने ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला यायला पाऊण तास तरी लागणार.

मिस्त्री चौथ्या मजल्यावर दाराशी गेला. दारातल्या अरुंद काचेतून खाली फक्त पांढरे केस दिसत होते.

"बाई, घाबरू नका. आतलं दार उघडायला जाऊ नका. हवा येतेय, दिवा आहे, मी इथेच बसतोय."

"घाबरायला काय झालंय?" आतून खणखणीत आवाज आला. "भाजीची पिशवी आहे, तिच्यावर बसता येत नाही, एवढीच अडचण आहे."

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर टेकला. थोडा वेळ गप्पा झाल्या, मग त्याही संपल्या. हत्यारांच्या पिशवीत वही होतीच. त्याने ती काढली आणि पुटपुटत एक गणित सोडवायला लागला.

"काय पुटपुटताय? मंत्र म्हणताय का माझ्यासाठी?"

"नाही बाई, अभ्यास. गणित तीन."

"लाप्लास?"

मिस्त्रीच्या हातातली पेन्सिल दोन पायऱ्या खाली गेली. लाप्लासची रीत हाच 'गणित तीन'मधला मुख्य धडा, आणि बाईंनी एकतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात नेमका हाच विषय शिकवला होता.

"कुठे अडलात ते वाचा बघू."

"बाई, अडकलाय तुम्ही."

"मी अडकलेय ते तुमचा जोडीदार बघेल. तुम्ही कुठे अडलात ते मी बघते. वाचा."

त्याने वाचलं. वर एक, खाली कंसात एस अधिक दोन, गुणिले कंसात एस अधिक तीन. त्याचे दोन सुटे अपूर्णांक करायचे होते. त्याने केले होते: एक छेद एस अधिक दोन, अधिक एक छेद एस अधिक तीन.

"मधलं चिन्ह नक्की अधिक?"

"तसंच वाटतंय."

"वाटण्यावर सोडू नका. एसच्या जागी शून्य घाला. मूळ गणित किती आलं?"

"दोन त्रिक सहा... एक छेद सहा."

"आणि तुमचं? एक छेद दोन अधिक एक छेद तीन?"

मिस्त्रीने मनातल्या मनात जुळवलं. "दोन छेद पाच."

आतून काहीतरी धपकन टेकल्याचा आवाज आला. बाईंना चक्कर तर आली नाही ना, म्हणून तो धडपडत काचेशी गेला. पांढरे केस हळूहळू इकडून तिकडे हलत होते.

"तुमच्या धंद्यात," बाई शेवटी म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर दार उघडलं नाही, तर बिघाड तिथेच असतो का?"

"छे! बहुतेकदा दुसरीकडेच कुठेतरी असतो."

"मग तुमचा बिघाड लाप्लासात नाही. तो फार खाली आहे. एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे पाच छेद सहा; अपूर्णांकांची बेरीजच विसरलात तुम्ही."

एकवीस वर्षांत कुणी त्याला त्याच्या भाषेत गणित सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते भलतंच. बिघाड सापडला की वाटतं तसं, हलकं हलकं.

जोडीदार आला, दोघांनी वर जाऊन लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. बाई बाहेर आल्या, कुणीतरी पुढे केलेलं पाणी बाजूला सारलं आणि आधी वही मागितली. चार पानं उलटून म्हणाल्या, "अक्षर छान आहे. बाकी सगळं चूक आहे. बुधवारी नि शनिवारी संध्याकाळी सहाला या. पाचवा मजला. जिन्याने या, म्हणजे वेळेवर पोचाल."

पहिले सहा आठवडे बाईंनी लाप्लासचं नाव काढू दिलं नाही. घरी लेकीची गेल्या वर्षांची पुस्तकं निघाली. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोघांचा अभ्यास चाले आणि लेक त्याच्या वहीवरून नजर ढळू द्यायची नाही. "बाबा, चिन्ह!" ती ओरडली की मिस्त्री दचकायचा. "वजाचा कंस सोडवताना आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं, किती वेळा सांगायचं?" हा तिच्या शाळेतल्या बाईंचा आवाज होता हे त्याच्या लक्षात यायचं आणि तो मुकाट्याने खोडायचा. बायको हसून हसून बेजार व्हायची.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंची अट एकच होती: शिकलेलं त्यांना परत शिकवून दाखवायचं. त्या खुर्चीत डोळे मिटून बसत. मिस्त्री त्यांच्या घरातल्या फळ्यासमोर घाम पुसत उभा राहायचा. "असं का?" त्या मधेच विचारत, आणि तो गडबडला की पुन्हा पहिल्यापासून.

हळूहळू गाडी लाप्लासवर आली. एका शनिवारी बाईंनी फळ्यावर वजन, स्प्रिंग आणि हेलकावे शमवणारा दट्ट्या यांचं समीकरण मांडलं. मिस्त्री पुढे सरकून बघतच राहिला.

"बाई, हे तर लिफ्टचं थांबणं आहे."

"म्हणजे?"

"मजल्यावर थांबताना लिफ्ट जरा खालीवर होते ना? हा दट्ट्या ढिला असला तर झोके घेत बसते. फार घट्ट असला तर रांगत रांगत जागेवर येते, माणसं कंटाळतात. मधलं नेमकं साधलं की पोटातलं पाणीही हलत नाही. मी हे पायांनी ओळखतो."

बाईंनी डोळे उघडले. "एकतीस वर्षं हे शिकवलं मी," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि रोज लिफ्टने वर आले. चला, मला ते मशीन दाखवा."

ते दोघं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. बाई कठड्याला धरून अर्धा तास उभ्या होत्या. मिस्त्री फिरत्या चाकाकडे बोट दाखवून बोलत होता आणि त्या "असं का?" विचारत होत्या. पण या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारत होत्या.

निकालाच्या दिवशी मिस्त्री एका इस्पितळाच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. फोन लेकीने केला.

"बाबा, बसलायस का?"

"खड्ड्यात आहे."

"त्रेसष्ट!"

तो इतक्या मोठ्याने ओरडला की वरून जोडीदाराने घाबरून मेन स्विच पाडला. संध्याकाळपर्यंत बायकोने त्रेसष्ट हा आकडा शेजारच्या तीन घरांत पोचवला होता. मिस्त्री मात्र आधी पाचव्या मजल्यावर गेला.

"सदतीस कुठे गेले?" बाई म्हणाल्या, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

पदवीला अजून दोन वर्षं आहेत. बुधवार-शनिवार चालूच आहेत. हल्ली त्याच्याच वर्गातली पेट्रोल पंपावर काम करणारी एकजणही तिथे येते. तीही 'गणित तीन'मध्येच अडकलेली. तिला शिकवायचं काम बाईंनी मिस्त्रीवर सोपवलंय आणि स्वतः स्वयंपाकघरात चहा करत कान देऊन असतात. परवा तो फळ्यावर झोकात समजावत होता. "हे बघा, हे तर सोपं—" एवढं बोलून तो थबकला, जीभ चावली आणि म्हणाला, "नाही, सोपं नाहीये. मला कळायला दोन वर्षं लागली. पहिल्यापासून सांगतो."

"आत्ता कुठे मास्तर झालात," आतून आवाज आला.