बाउन्स, आणि पत्रकात राहून गेलेला अर्थ

आमच्या घरात ‘बाउन्स’ हा शब्द काढायला बंदी आहे. बंदी मायनं घातली आहे आणि ती फक्त मला लागू आहे.

कुरुंद्याच्या रस्त्यासाठी मी पत्रक काढलं होतं. (माझी पत्रकं मीच लिहितो, मीच वाटतो, बहुधा मीच वाचतो.) मथळा – ‘बाउन्स!’ खाली मजकूर : ‘मैदानात चेंडू बाउन्स होतो. बँकेत चेक बाउन्स होतो. कार्यालयाला पाठवलेला ईमेल बाउन्स होतो. पडलेला पुढारी पुढच्या निवडणुकीत बाउन्स बॅक करतो. आणि या रस्त्यावर गरोदर बाई बाउन्स होते! शरम करा!’

गरोदर बाई म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली.

“मला छापलंस व्हय रे?”

“नाव कुठंय तुझं?”

“गल्लीत दुसरी कोण हाय आठव्या महिन्याची? तुझी माय?”

मग फाट्यावर रास्ता रोको पुकारला. मागच्या खेपेला ‘पेशंट हाय, पेशंट हाय’ म्हणत निम्म्या गाड्या निसटल्या होत्या. त्यातला एक पेशंट पुढच्या टपरीवर भजी खाताना सापडला! म्हणून या वेळी मी नियमच केला – सायरन असेल तरच गाडी सुटेल. पोरांनी तो मनापासून पाळला, हेच वाईट झालं.

भर दुपारी रांगेच्या शेपटाकडून हळदीच्या पोत्यांचा एक पिकअप हॉर्न देऊ लागला. एक जण पळत आला.

“भाऊ, पिकअपमधी बाई अडलीय म्हणून राहिले.”

मी माईकवर गरजलो, “सायरन हाय का?”

“न्हाई.”

“मग न्हाई!”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून मी तेच पुन्हा एकदा म्हणालो.

थोड्या वेळानं गर्दी फाडत माय आली. पायात चप्पल नव्हती.

“सायरन पाहिजे व्हय तुला?”

माईक माझ्या हातातच होता. त्यामुळे ती थप्पड चारी भोंग्यांतून ऐकू गेली.

“अक्का हाय त्या गाडीत! अन् बोलावलेली अँब्युलन्स पल्याड तुझ्याच रांगेत अडकून पडलीय!”

पत्रकात ‘बाउन्स’चा एक अर्थ राहून गेला होता – फेकणाऱ्याच्याच तोंडावर परत येणं – हे मला तिथं कळलं.

पोरं ट्रक हटवायला धावली. पण ट्रकला ट्रक चिकटलेले! अँब्युलन्समधल्या नर्सबाई शेवटी पायी आल्या. पोत्यांच्या मधोमध अक्का, आणि खाली अंथरायला काही नाही. मायनं माझ्या झोळीतून पत्रकांचा गठ्ठा उपसला आणि पसरला. माझी पत्रकं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आली.

पोरगी झाली. रडेना.

सगळा फाटा गप्प झाला. एवढी शांतता माझ्या एकाही भाषणाला मिळाली नव्हती. नर्सबाई तिची पाठ चोळत होत्या, आणि त्या एवढ्याशा पाठीवर स्वस्तातल्या शाईचं उलटं ‘शरम करा’ उमटलं होतं. मी तेच वाचत उभा होतो.

मग एक बारीक आवाज आला. मांजराच्या पिलासारखा.

बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. बारा दिवस मी बाहेरच्या बाकावर. अक्का येता-जाता दिसायची, बोलायची नाही. तेराव्या दिवशी तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं मला पाहिलं आणि भोकाड पसरलं.

रस्ता अजून तसाच आहे. भाची मात्र चांगली गुटगुटीत झालीय. मी उंबऱ्यात दिसलो की तिचा गळा सुरू होतो आणि आतून अक्काची आरोळी येते, “सायरन वाजला! बाजूला हो!”

मी होतो.