चार बोटं खाली

आठवड्यामागच्या रविवारी आमच्या वस्तीवर एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये कांदा भरला... विकायला नाही, परीक्षेला. मी सांगतेय, नात माया टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण तिनं मधे काही घुसडलं तर वाचून दाखवताना बरोबर कळतं मला.

नातू विशाल चाकणला कंपनीत आहे. त्यानं दोन दारांची जुनी गाडी घेतलीय, दर रविवारी कळंबच्या रस्त्यानं वस्तीवर येतो. गाडी इतकी बुटकी, की तिच्यातून मला उतरवायला दोन माणसं लागतात.

ती त्याला आणखी खाली करायचीय! मोबाइलवर स्प्रिंगा दाखवत होता... एकीनं गाडी दोन बोटं खाली बसते, दुसरीनं चार. त्याचा सगळा जीव चारवालीवर.

"आजी, वळणावर कशी चिकटून जाती बघ! अन् दिसती पण लई भारी."

आमचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मेंढा घेताना आम्ही आधी पाय बघायचो... आणि हा चांगले पाय आखूड करायला निघालेला!

हसले खरी, पण जीव थाऱ्यावर राहिना. आमच्या वाटेवर पाण्याचा पाइप आडवा पुरलाय, त्या उंचवट्यावर गाडी आत्ताच खर्रकन घासते. आणखी खाली गेली तर पलीकडंच राहणार. मग पोरगं एक रविवार चालत येईल, दुसऱ्या रविवारीही येईल... तिसऱ्या रविवारी नुसता फोन येईल, जमत नाही म्हणून. तसले फोन मी पुष्कळ ऐकलेत.

म्हणून म्हटलं, "आधी गाडी तेवढी खाली बसवून बघ की. कांदा भर."

डिकीत दोन पोती, मागं दोन, शेजारच्या सीटवर एक. मी मागच्या चाकावरच्या फटीत बोटं घालून मोजत होते. आधी पाच बोटं जायची, शेवटच्या पोत्याला एकच गेलं. बांधावरून शेजारचा ओरडला, "काय राव, विमानानं कांदा चालला का?"

तशीच हाकली, तर पाइपावर गाडीचं पोट टेकलं. ना पुढं, ना मागं. विशालनं एकेक पोतं खांद्यावर घेऊन उतरवलं. चहा न घेताच गेला.

आठवडाभर मी नुसती आत-बाहेर करत होते. कुठल्या घेतल्या विचारावं, तर तोंड होईना... मायाला सगळं माहीत होतं, पण ती माझीच नात, हसायची फक्त.

काल रविवार. सकाळपासून कान वाटेकडं. ऊन गोठ्यापर्यंत आलं, तरी खर्र आवाज नाही. म्हटलं, झालं... घेतल्या चारवाल्या.

तेवढ्यात अंगणातून, "आजी, च्या टाक!"

मुरमानं माखलेला विशाल, हातात फावडं, मागं लाल गाडी. दोन बोटंवाल्या बसवून आला होता. आणि सकाळपासून पाइपाच्या दोन्ही अंगांना मुरूम टाकून उतार करत बसला होता.

मी लगेच फटीत बोटं घातली. तीन गेली.

नव्या स्प्रिंगा कडक आहेत, पाठीत धक्के बसतात. बसू देत... दोन बोटं त्यानं माझ्यासाठी सोडलीत. फक्त आता तो आल्याचा आवाज येत नाही, म्हणून रविवारी सकाळपासून मलाच दारात बसावं लागणार.