दिवाळीनंतरचे आकडे

शेवगावजवळच्या दवाखान्यात दुपारी दोनच्या पाळीला आल्या की मरिया सिस्टर रजिस्टर उघडायच्या आधी वॉर्डभर फिरून एकेका बाळंतिणीच्या पायाला हात लावायच्या. पाय गार लागला की रक्तस्राव तर होत नाही ना, हे बघायला तिथेच थांबायच्या. सव्वीस वर्षं हेच.

गेल्या मार्चमध्ये नवे व्यवस्थापक कल्याण लॅपटॉप घेऊन वॉर्डात आले. वय तिशीच्या आत, बोलणं मऊ.

"सिस्टर, दिवाळीपासूनची सगळी नोंद कॉम्प्युटरवर आहे. तुमच्या पाळीत सरासरी सहा बाळंतिणी. तुम्ही आणि शॅरन, दोघी पुरे. एप्रिलपासून तिसऱ्या नर्सला, आराधनाला, ओपीडीत घेतो. आणि अमावास्येला तुम्ही जादा नर्स मागता, तीही नको."

"अमावास्येला गर्दी होते."

"तुम्ही चर्चला जाता ना? अमावास्या कधीपासून मानायला लागलात?"

"मी कुठं मानते? बाळं मानतात."

कल्याण हसले, पण आकडा हलला नाही. आकडे खोटेही नव्हते. सिस्टरांनी स्वतःच भरले होते. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"साहेब, दिवाळीनंतर इथं असतं कोण?"

नाशिकच्या कल्याणना काही कळेना. सिस्टरांनी कपाटातून मागच्या तीन वर्षांची जन्मनोंद काढली. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या एप्रिलात परततात, तेव्हा गावं भरतात आणि वॉर्डही. कॉम्प्युटरने मोजला होता तो अर्धा रिकामा तालुका.

दोघं पानं उलटत बसले. एप्रिल-मेमध्ये पाळीला बारा-तेरा बाळंतिणी निघाल्या. अमावास्येला मात्र काहीच वेगळं निघेना. सिस्टरांनी तारखा दोनदा ताडून पाहिल्या.

"अमावास्येची घ्या काढून," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच. "आराधना राहू द्या."

"जूनपर्यंत. मग परत मोजू."

"मोजा की. मी पण मोजते."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टोळ्यांचे ट्रॅक्टर परतले. त्याच संध्याकाळी रंगुबाई सुनेला घेऊन आल्या, मागोमाग आणखी दोघी.

"तपासणी कुठं केली?" सिस्टरांनी विचारलं.

"फडात कुठली तपासनी, बाई? कालपरवापर्यंत कोयता हुता हातात."

सुनेचं बीपी चढलेलं होतं. आराधना तिच्या उशापासून हलली नाही. बाकी सगळा वॉर्ड शॅरन आणि सिस्टरांनी पळत सांभाळला. आठच्या सुमाराला बाळ रडलं. थोड्या वेळाने बीपीही उतरलं.

मरिया सिस्टर हात पुसत आल्या आणि आराधनाला म्हणाल्या, "जा, डबा खाऊन घे. मी बसते इथं."