आठ पाऊणे सात

खडू टेबलावर ठेवायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, वर्गावरून एकदा सावकाश नजर फिरवायची आणि म्हणायचं, "आज मी एकदा चुकणार आहे. शोधा बरं." बाईंचा प्रत्येक तास असा सुरू व्हायचा. मग तो गणिताचा असो, इतिहासाचा असो, नाहीतर शिवणाचा.

तुम्हीही शिक्षक पुष्कळ पाहिले असतील. चुकल्यावर ते कबूल न करणारे तर हवे तेवढे. मी त्यांतलाच. पण आदल्या संध्याकाळी बसून, उद्या कुठे चुकायचं ते ठरवणारी आणि ते पाठाच्या टाचणवहीत लिहून हेडमास्तरांची सही घेणारी बाई मी एकच पाहिली. हेडमास्तर मी होतो.

शाळा आमची डोंबिवलीची, सातवीपर्यंतची. वर्ग सात आणि खोल्या चार, त्यामुळे मधे बांबूचे तट्टे लावलेले. देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि शिक्षणात काहीतरी नवं करायचं असं वरच्यांनी ठरवलं होतं. परिपत्रकं यायची. 'सर्व विषयांचा समवाय साधावा', म्हणजे एकाच गोष्टीच्या आधाराने भूगोल, गणित, भाषा सगळं शिकवावं. आम्ही ते परिपत्रक आदराने वाचलं, फाइलला लावलं, टाचणाच्या शेवटी 'समवाय साधला' असं एक वाक्य लिहायला लागलो आणि पूर्वीसारखंच शिकवत राहिलो. ते खरोखर करायचं असतं असा गैरसमज एकट्या बाईंचा झाला.

बाई ठाकुर्लीहून चालत यायच्या. उंच, काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खांद्याला गोणपाटाची पिशवी. तिच्यात पुस्तकं कमी आणि इतर ऐवज जास्त. सोमवारी पिशवीतून वीट निघाली की तो आठवडा विटेचा. वीट मोजायची, तोलायची, भिंतीला किती लागतील ते काढायचं, माती कुठली ते विचारायचं आणि शनिवारी विटेचं आत्मवृत्त लिहायचं. पुढच्या सोमवारी मिठाचा खडा. त्याच्या पुढच्या सोमवारी शेवग्याची शेंग, जिची शुक्रवारी वर्गातच आमटी झाली आणि मला हेडमास्तर म्हणून वाटीभर आली. चांगली होती.

आणि रोज प्रत्येक तासाला एक चूक. "ठाण्याहून कल्याणकडे निघालं की आधी डोंबिवली लागते, मग मुंब्रा," असं बाई गंभीरपणे सांगायच्या आणि वर्ग उसळायचा. मिठाच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मीठ पावसाळ्यात पिकते.' आगरात राबणाऱ्या घरातली एक मुलगी बाकावरच उभी राहिली. "बाय, काय लिवलाय ह्यो! पावसात मीठ पिकतंय काय? माझा बापूस पावसात काय घरी बसून झोपा काढतो?"

"सापडली का?" बाई म्हणायच्या. मग ज्याला सापडली त्याच्या हातात खडू. त्याने चूक दुरुस्त करायची आणि बाईंनी त्याच्या बाकावर जाऊन बसायचं. टाचणवहीत त्यांनी स्वतः आखलेले दोन रकाने होते. 'आजची चूक' आणि 'कोणी धरली'. पहिला आदल्या दिवशी भरायचा, दुसरा शाळा सुटल्यावर. मी सही करताना ती नावं वाचायचो. वर्षभरात एकही मूल असं नव्हतं, ज्याचं नाव त्यात आलं नाही.

मी एकदा म्हटलं, "बाई, शिक्षकाने चुकायचं म्हणजे..."

"आपण न चुकता बोललो तर मुलं ऐकतात कशाला, गुरुजी? सगळं बरोबरच असणार म्हटल्यावर लक्ष कोण देईल?"

तट्ट्याच्या अलीकडे माझी सातवी बसायची. पलीकडे हसणं, ओरडणं, "बाई, धरली!" अशा आरोळ्या. अलीकडे मी चक्रवाढ व्याज शिकवत असायचो आणि निम्मा वर्ग तट्ट्याकडे कान लावून. एके दिवशी मी फळ्यावर एक आकडा चुकलो. मुद्दाम नव्हे, माझा माझाच चुकलो. मागून एक मुलगा हात वर करून आनंदाने ओरडला, "गुरुजी, धरली!" त्याचा धाकटा भाऊ बाईंकडे होता, घरी ऐकून ऐकून त्याला सवय लागली असावी. मी त्याला पुढे बोलावलं आणि छडीने दोन्ही हातांवर दिल्या. "चुका धरायच्या त्या तिकडे," असं म्हणालो. तट्ट्यापलीकडे त्या वेळी शांत झालं होतं. बाईंनी ऐकलं असणार.

बाई अनट्रेंड होत्या, तीन वर्षं तात्पुरत्या. नवरा गेलेला, भावाच्या दोन खोल्यांत राहत होत्या. वहिनीचा स्वभाव कसा होता ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यावरून मी समजलो. एकदाच म्हणाल्या होत्या, "कायम झाले ना गुरुजी, की पहिली माझी स्वतःची खोली घेणार. आणि भिंतीवर हा एवढा फळा लावणार." कायम होणं दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर होतं. दिपोटी म्हणजे वर्षातून एकदा शाळा तपासायला येणारे अधिकारी. त्यांनी चांगलं लिहिलं तर बाईंना ट्रेनिंगला पाठवतील आणि नोकरी पक्की होईल, असं ठरलेलं होतं.

साहेब बुधवारी येणार होते. मंगळवारी संध्याकाळी बाई टाचणवही घेऊन आल्या.

"बाई, उद्या तेवढं चुकायचं राहू द्या," मी म्हटलं.

"का हो?"

"साहेब बसणार आहेत वर्गात."

"मग बरंच की. त्यांनाही शोधू दे!" आणि हसल्या. पुढचा एक दात किंचित तुटका होता, तो हसताना दिसायचा.

मी वही ठेवून घेतली, उद्या सही करून देतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी मी त्यांच्या वर्गात गेलो. मुलं धुतलेले कपडे घालून, तेल चोपडून बसली होती. मी म्हटलं, "आज साहेबांसमोर कोणीही बाईंची चूक काढायची नाही. काढली तर बाईंची नोकरी जाईल."

मिठागरातली ती मुलगी म्हणाली, "पण गुर्जी, बाय मुद्दाम चुकतात ना?"

"साहेबांना ते माहीत नाही. बाई राहायला हव्यात ना तुम्हाला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बाई राहायला हव्यातच होत्या.

हे मी आजवर बायकोला, सोबतच्या शिक्षकांना, आणि वेळ पडली तेव्हा स्वतःलाही असंच सांगत आलो, की मी ते काळजीपोटी केलं. बाई हट्टी, साहेब कडक, निदान मुलांनी तरी बोभाटा करू नये, एवढाच हेतू. ऐकणाऱ्याला पटायचं. आता पन्नाशी आली, आता खरं सांगतो. मंगळवारी बाई गेल्यावर मी वही उघडली होती. त्यात लिहिलं होतं: 'बुधवार. खाडी. भूगोल, गणित, भाषा. आजची चूक: आठ पाऊणे सात.' आणि खाली कंसात, बारीक अक्षरात, '(सर्वांना पाठ आहे. साहेबांपुढे मुलांना धीर व्हावा म्हणून सोपी घेतली.)' आठाची पाऊणपट सहा, हे पाऊणकीचा पाढा घोकणारं कुठलंही पोर सांगेल. मी ते दोनदा वाचलं. वही माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली. मुलं गप्प राहिली तर काय होईल ते मला पुरतं कळत होतं.

पाठ फार सुंदर चालला, हे सांगायला हवं. साहेब वर्गात आले तोवर बाईंचं ते नेहमीचं पहिलं वाक्य म्हणून झालं होतं; साहेब मागे खुर्चीवर, मी दारात. बाईंनी खाडीकाठच्या मुलांकडूनच शब्द काढून घेतले. पाणी खूप चढतं ते उधाण, कमी चढतं तो भांग. ते शब्द इतर मुलांनी वहीत लिहिले. कल्याणला पूर्वी गलबतं यायची ती भरतीची वेळ साधून कशी यायची, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "कोळी लोकांकडे घड्याळ नव्हतं. त्यांना भरतीची वेळ कशी कळायची? तिथीची पाऊणपट करायची. आपण पाऊणकी घोकतो ना, ती यासाठी! आज तिथी कोणती?"

"अष्टमी!"

साहेब पुढे सरकून बसले होते. मला वाटतं, त्यांनाही पाऊणकीचा हा उपयोग तेव्हाच कळला. मलाही.

"मग मुंबईच्या किनाऱ्याला आज भरती किती वाजता?" बाईंनी वळून लिहिलं. आठ पाऊणे सात. "सात वाजता. आपल्या खाडीत पाणी यायला आणखी वेळ लागतो. तो किती, ते उद्या काठावर जाऊन मोजू." आणि खडू ठेवून, हात पाठीमागे बांधून थांबल्या.

कोणी हललं नाही.

"शोधा बरं," बाई म्हणाल्या. "नीट बघा."

मुलांनी माना खाली घातल्या. ज्यांना पाऊणकी झोपेत येते, अशी चाळीस मुलं बाकावरच्या रेघा बघत होती. मिठागरातल्या मुलीचा हात खांद्यापर्यंत आला. तिने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिलो. हात खाली गेला.

"बाई," साहेब म्हणाले, "आठ पाऊणे किती?"

"सहा, साहेब."

"मग हे काय आहे?"

"ती मुद्दाम घातलेली चूक आहे. मुलं शोधतात रोज."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, दमून हसले. "बाई, इतकी वर्षं तपासण्या करतोय. मुद्दाम चुकलेला मास्तर अजून भेटला नाही. आणि शोधतात म्हणता, तर एकालाही सापडली नाही?" मग माझ्याकडे वळून, "काय हो हेडमास्तर, टाचणात आहे का असलं काही?"

"टाचण... माझ्याकडे आलेलं नाही, साहेब."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाकडे त्या जशा बघायच्या, तशा बघत होत्या. अजून वेळ आहे, पुन्हा बघ, अशा. 'काल संध्याकाळी तुमच्या हातात दिलं' एवढं म्हणाल्या असत्या तर कपाट उघडावं लागलं असतं. म्हणाल्या नाहीत. चूक कुठे आहे ते आपण सांगायचं नसतं, समोरच्याला शोधू द्यायचं असतं, हा त्यांचा नियम. फक्त या खेपेला चूक माझी होती आणि ती त्यांनी धरलेली होती.

शेरा आला: 'विषयज्ञान कच्चे. पाऊणकीही येत नाही. कायम करण्याची शिफारस करता येत नाही.' खाली मुख्याध्यापकाची सही लागते. केली.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्गाच्या फळ्यावर कोणीतरी 'सात' खोडून 'सहा' लिहिलं होतं, हातभर मोठ्या अक्षरात. एकाच्या अक्षरावर दुसऱ्याने, त्याच्यावर तिसऱ्याने गिरवलेलं. बाई यायच्या आत मी ते पुसलं. खाडीची सहल रद्द केली. पाणी धोक्याचं असतं, असं कारण दिलं.

सत्र संपलं तेव्हा बाई पिशवी घेऊन निरोपाला आल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "माझी टाचणवही तेवढी?"

"सापडत नाहीये हो."

"सापडेल," बाई म्हणाल्या. "शोधा बरं."

पुढे कळलं की त्या विठ्ठलवाडीकडे, निर्वासितांच्या वस्तीजवळ शिकवण्या घेतात. मी वही पिशवीत घालून एका रविवारी गेलो. कल्याणहून टांगा केला. खोली कोणाची होती ते माहीत नाही, पण ओसरीच्या भिंतीवर हा एवढा फळा होता. पाच-पंचवीस मुलं जमिनीवर बसलेली, बरीचशी सिंधी. बाई माझ्याकडे पाठ करून लिहीत होत्या. केस पांढरे झाले होते. एक पोरगा मोडक्यातोडक्या मराठीत ओरडला, "बाई, पकडली! पकडली!" बाईंनी त्याच्या हातात खडू दिला आणि त्याच्या जागी, मुलांच्यामधे, जमिनीवर मांडी घालून बसल्या. तोंड आता रस्त्याकडे झालं होतं. त्यांनी मला पाहायच्या आत मी टांग्याच्या आडोशाला झालो आणि तसाच परतलो. दुसऱ्यांदा धीर केला तेव्हा ओसरीवर दुसरंच बिऱ्हाड होतं. बाई कुठे गेल्या, त्यांना सांगता आलं नाही.

वही माझ्याकडेच आहे. बुधवारच्या ओळीत 'कोणी धरली'चा रकाना कोरा आहे.

परवा शाळेत मी ती वही टेबलावर उघडून ठेवली. खडू खाली ठेवला, हात पाठीमागे बांधले आणि वर्गाला म्हणालो, "आज मी एकदा चुकणार आहे. शोधा बरं." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या वर्गात शिस्त फार चांगली असते, साहेबलोक दरवर्षी तसा शेरा देतात. मी वळून फळ्यावर लिहिलं, 'आठ पाऊणे सात.' आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. एक हात जरी वर आला असता, तरी मी त्या बाकावर जाऊन बसायचं ठरवून आलो होतो.

चाळीस मुलांनी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं.