साहेब आणि मावशींचा उंबरा

मावशींनी आयुष्यभर माणसं ढकलली. वाईट अर्थानं नव्हे; तसं ढकलणारे मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांशी माझं वाजलंही आहे. मावशी मोठ्या इस्पितळात स्ट्रेचर ढकलतात. अपघात विभागातून एक्स-रेला, एक्स-रेहून ऑपरेशनला, तिथून वॉर्डात. डोक्याच्या बाजूला उभं राहायचं, पेशंटचा चेहरा नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि तोंड चालू ठेवायचं. "झालंच हं, एवढं वळण, की पोचलो." इस्पितळ कितीही लांबलचक असो, मावशींचं नेहमी एकच वळण उरलेलं असतं.

माझी त्यांची ओळख दुहेरी. कंत्राटी कामगारांची संघटना बांधताना त्या पहिल्या सभासद झाल्या, आणि राहायला आम्ही एकाच इमारतीत. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. इमारतीत मला 'तोफ' म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

एकदा पाळी संपवून मावशी निघाल्या, तर रुग्णवाहिकेच्या उतारावरून एक कुत्रा मागे लागला. तपकिरी, लांबोडक्या नाकाचा, शेपूट अर्धीच. चाल मात्र अशी की जणू इस्पितळाची पाहणी करून निघालाय. मावशींनी नाव ठेवलं 'साहेब'. माझ्या उभ्या जन्मात मी ज्याला घेराव घातला नाही, असा हा एकमेव साहेब.

साहेबांची एकच भानगड होती. ते कुठल्याही दारातून आत जात नसत. उंबऱ्याशी आले की चारही पाय फरशीला चिकटायचे. उचलून आत ठेवलं तर अंग लटलट कापायचं, आणि हात सुटला की बाण सुटावा तसे बाहेर. शेपटीचा तुटलेला तुकडा कुठल्यातरी दारात राहिला असावा, एवढाच अंदाज. खाणंपिणं, झोपणं, सगळा दरबार मावशींच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी.

आणि तिथेच शेजारच्या घड्याळकाकूंचा पाय अडकला.

घड्याळकाका घरीच घड्याळं दुरुस्त करतात. काकू मागे एकदा पडून त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. कठडा हाताला लागला म्हणून त्या वाचल्या. संध्याकाळी काका मावशींच्या दाराशी आले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"मावशी, माझा राग नाही. पण ही परत पडली तर उठायची नाही. महिनाअखेरपर्यंत कुत्रा आत घ्या. नाही जमलं, तर प्राण्यांच्या निवाऱ्यात द्या. इमारतीच्या समितीशी बोललोय मी."

मी जिन्यावरून ऐकत होते. तीन पायऱ्या एका ढांगेत उतरले. "समिती कोण लागून गेली? जिना काय तुमच्या—"

"ए तोफे, गप," मावशी म्हणाल्या. "खरं बोलतायत ते. काकूंना ऑपरेशनला मीच नेलं होतं. हाड कसं जोडलंय ते मला ठाऊक आहे."

काका गेल्यावर त्या कितीतरी वेळ साहेबांच्या कानामागे खाजवत बसल्या. निवारा म्हणजे पिंजरा. पिंजऱ्याला दार. दाराला जो एवढा भितो, त्याला आपल्या हातानं दाराआड घालायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. आणि नाही घालायचं तर काकूंच्या हाडाशी खेळ. मावशी घरात एकट्या. "कामावरून आलं की ह्यालाच सांगते दिवसभराचं," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलत नाही. तुझ्यासारखं."

उपाय इस्पितळातूनच आला. एक जण घोटा मोडून आले होते. मावशी त्यांना एक्स-रेला नेत होत्या आणि ते वेदनेत कुत्र्यांबद्दल बोलत होते. शाळेत कसरतीचे मास्तर होते, आता जुन्या स्केटिंगच्या मैदानावर कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवतात. आडव्या दांड्यांवरून उडी, खांबांमधून नागमोडी, डुगडुगणारी फळी, आणि कापडाचा लांब बोगदा.

"बोगद्यात भित्रं कुत्रं जातं?" मावशींनी विचारलं.

"भित्र्यालाच जास्त मजा येते," सर म्हणाले. "घेऊन या."

पहिल्या रविवारी मीही गेले. मावशी म्हणाल्या, तिथं सगळे मोठे लोक असतील, तू चल. मोठे लोक म्हटलं की मी मुळात बाह्या सारूनच निघते. मैदानात केसाळ, पांढरी, फिती बांधलेली कुत्री. फितीवाल्या कुत्र्याच्या एका बाईंनी साहेबांकडे पाहून विचारलं, "कोणत्या जातीचा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "जिन्यावरचा."

"असं का? मी ऐकली नव्हती ही जात," बाई मनापासून म्हणाल्या. भांडायला काही उरलंच नाही.

दांड्यांवरून साहेब उडाले. खांबांमधून वाकडेतिकडे का होईना, गेले. बोगद्याच्या तोंडाशी मात्र चारही पाय रोवले. मावशी सवयीनं त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, ढुंगणावर हात ठेवला आणि सुरू झाल्या. "झालंच हं, एवढं वळण—"

"मावशी, ढकलू नका," प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवलेले सर ओरडले.

"माझी नोकरीच ती आहे हो."

"इथे सुट्टी घ्या. ढकललं की त्याला वाटतं, पुढे संकट आहे म्हणून मागून जोर लावतायत. तुम्ही पलीकडच्या तोंडाशी जा. त्याला तुम्ही दिसल्या पाहिजेत."

"आणि ह्याला धरणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन कामं मिळाली: साहेबांना धरायचं आणि गप्प बसायचं. पहिलं सोपं होतं.

सरांनी बोगदा भाता मिटावा तसा मिटून नुसतं एक कडं करून ठेवलं. त्या कड्यातून साहेब मावशींकडे गेले, कारण ते दार आहे असं त्यांना वाटलंच नाही. मग कडं हातभर लांबवलं. मग आणखी. दर वेळी पलीकडे जमिनीवर पोटावर आडव्या पडलेल्या मावशी, वयाची चाड न ठेवता, "ये रे माझ्या राजा" करत. एकदा साहेब मधूनच उलटे फिरले आणि मी ओरडले, "अरे जा ना गाढवा!" ते तडक मैदानाबाहेर. सरांनी मला पाणी आणायला पाठवलं. पाणी कुणालाच नको होतं, हे मला परत आल्यावर कळलं.

तिसऱ्या रविवारी बोगदा पूर्ण उघडला होता. साहेबांनी आत नाक घातलं, पलीकडे मावशींचं तोंड पाहिलं, आणि कापड धडधडवत आरपार गेले. बाहेर पडल्यावर स्वतःवरच खूश होऊन त्यांनी मैदानाला फेरी मारली आणि पुन्हा बोगद्यात. फितीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनातली त्यांच्याबद्दलची अढी तिथेच सुटली.

आम्ही लढाई जिंकल्याच्या थाटात घरी आलो. मावशींनी दार उघडलं, आत जाऊन जमिनीवर आडव्या पडल्या, हाक मारली. साहेब उंबऱ्यापर्यंत आले. पाय चिकटले. मावशींनी हर तऱ्हेनं बोलावलं. साहेबांनी माफी मागितल्यासारखे कान पाडले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसले.

महिना संपत आला होता. मावशी जमिनीवरून उठल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "राहू दे. झालं एवढं पुष्कळ झालं. उद्या निवाऱ्यात फोन कर."

मावशींच्या तोंडून 'राहू दे' मी प्रथमच ऐकत होते. मी बाहेर साहेबांशेजारी बसले. माझ्या मनात समितीला घालायच्या शिव्या तयार होत होत्या. तेवढ्यात मावशी सरपटत उंबऱ्यापर्यंत आल्या, हनुवटी लाकडावर टेकली आणि साहेबांच्या उंचीवरून आपल्याच खोलीकडे बघू लागल्या.

"तोफे, इकडे ये. पड अशी. काय दिसतं?"

मी पडले. "भिंत."

"बस, भिंतच. बोगद्याला दोन तोंडं असतात. माझ्या खोलीला एकच." त्या उठून बसल्या. "ऑपरेशनला नेताना माणसं मला हेच विचारतात गं. भूल कशी देतात, टाके किती, ते नाही विचारत. म्हणतात, मावशी, इथून बाहेर कुठून काढतात? मी सांगते, एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. मग पडून राहतात."

आता दुसरं दार कुठून आणायचं? तर ते होतं. मावशींचं आणि घड्याळकाकांचं घर फार पूर्वी एकच होतं. मालकानं दोन केली, तेव्हा मधलं दार खिळे मारून बंद केलं. मावशींच्या बाजूनं त्यावर कॅलेंडर होतं. काकांच्या बाजूनं दाराला टेकून त्यांचं घड्याळांचं भलंमोठं काचेचं कपाट. ते दार उघडलं तर उंबऱ्यावरून तिरकं पाहता काकांची खिडकी दिसली असती, जिच्या उजेडात ते काम करतात.

म्हणजे ज्याची तक्रार, त्याच्याच घरातून वाट.

मावशी जायला तयार होईनात. "त्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? त्या कपाटात त्यांचा धंदा आहे." मग मी पदर खोचला. जाताना सगळं भाषण मनात जुळवलं: शेजारधर्म, मुकं जनावर, आणि शेवटी थोडी धमकी. काकांनी डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं. कपाटाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कपाट हलवायचं म्हणजे घड्याळं उतरवावी लागतील," ते म्हणाले.

झालं! मी भडकलेच. "हो, घड्याळं महत्त्वाची! जीव काय, रस्त्यावर पडलेत! तुमच्यासारख्या माणसांना—"

"ताई," काका म्हणाले, "मी नाही म्हटलं का? लोलकाची घड्याळं आहेत. लोलक न काढता हलवली तर आतली पट्टी तुटते. तुमचं झालं असेल तर हात लावा. नसेल झालं, तर बोलत बोलत हात लावा."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. "तोफेचा बार फुकट गेला वाटतं!"

माझ्या वाट्याला असे बार फार थोडे आलेत. मी मुकाट्यानं लोलक कागदात गुंडाळू लागले. काकूंनी खुर्चीत बसून कुठला लोलक कुठल्या घड्याळाचा ते चिकटपट्टीवर लिहून दिलं. काका पक्कड घेऊन खिळे उपटत होते. मधेच थांबून म्हणाले, "मलाही तो कुत्रा जायला नको होता हो. पण ही पडेल याची भीती वाटते." असं साधं वाक्य आमच्या मोर्च्यांत कुणी बोलत नाही. बोललं असतं तर निम्मी भांडणं तरी वाचली असती.

दार करकरत उघडलं. काकांनी जिन्याकडचं आपलं पुढचं दारही उघडं टाकलं. काकू पलीकडे खिडकीशी बसल्या, मावशी मधल्या दारात आडव्या, मी जिन्यात साहेबांना धरून, तोंडाला कुलूप. साहेबांनी उंबऱ्यावरून पाहिलं. भिंतीच्या जागी उजेड. नाक हललं. मी हात सोडला.

ते सुटले ते मावशींना ओलांडून काकांच्या खोलीतून थेट काकांच्या पुढच्या दारानं बाहेर, आणि पुन्हा माझ्यापाशी हजर! जीभ बाहेर, छाती पुढे. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दोन घरांचा त्यांनी बोगदा करून टाकला. काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या. "अहो, थांबणार आहेत की नुसत्याच फेऱ्या?"

प्रश्न बरोबर होता. फेऱ्या मारणाऱ्याला कुणी घरात राहतो म्हणत नाही. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, मैदानावर बुटकं टेबल आहे ना, ज्यावर कुत्र्यानं चढून थांबायचं असतं, तसं काहीतरी खोलीच्या मध्यावर ठेवा. मावशींनी आपल्या पलंगाखालची लाकडी पेटी ओढून काढली, वर घोंगडी घातली. सातव्या-आठव्या फेरीला साहेब तिच्यावर चढले. मावशी पेटीशेजारी बसल्या. ढकललं नाही, धरलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. ही त्यांच्यासाठी काय शिक्षा असेल ते मला कळत होतं. माझीही तीच चालू होती.

साहेबांनी एका दाराकडे पाहिलं. दुसऱ्या दाराकडे पाहिलं. दोन्ही उघडी आहेत अशी खात्री केली, पेटीवर गोल गोल फिरले आणि अंगाची मोट करून पडले. थोड्या वेळानं घोरू लागले.

महिनाअखेरीला समितीचे सचिव आले. मी वरून खाली उतरेपर्यंत घड्याळकाकाच त्यांना सामोरे गेले, तेही मावशींच्या घरातून, चपला न घालता.

"तुमची कुत्र्याची तक्रार होती," सचिव म्हणाले.

"होती ना. जिन्यावरच्या कुत्र्याची," काका म्हणाले. "जिना बघा. आहे का कुठे?"

सचिवांनी जिना पाहिला. मोकळा होता. काकू कठडा धरून सावकाश खाली उतरत होत्या, त्यांना त्यांनी वाट दिली आणि गेले.

मावशी त्या दिवशी दुपारच्या पाळीला होत्या. मी इस्पितळात जाऊन त्यांना निकाल सांगितला. एका म्हाताऱ्याला एक्स-रेला नेत होत्या, थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "काकांना माझे आभार सांग. सरांना सांग. त्या फितीवाल्या बाईंना सांग, टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला काय? तू तर गप्प बसलीस," मावशी म्हणाल्या. "त्याचे आभार मी जन्मभर मानीन."