लिवा भगताचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, जिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. आणि आता दमले आहे — तेच तेच खोटं रंगवून सांगून.

आधी एका बाईंची ओळख करून देते. वय तिशीचं, मानसशास्त्रात डॉक्टरेट, अंगात खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम आणि पायात कोल्हापुरी चपला — भर पावसाळ्यात, मोखाड्यात. एक चप्पल चिखलात कायमची गेली, पण बाईंचा तोरा काही गेला नाही. जव्हारला खोली घेतलेली. तिथून जीपने गावोगाव जायचं आणि कुपोषित मुलांच्या आयांना विचारायचं — मूल इतकं रोडावलंय, मग दवाखान्यात भरती का करत नाही? ही बाई म्हणजे तरुणपणची मीच. हसा, मीही हसते. पुढे हसण्यासारखं फार नाही.

संशोधनासाठी पैसे मागतानाच मी लिहून बसले होते की आया भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जातात, म्हणून दवाखान्यात येत नाहीत. उत्तर आधी, प्रश्न नंतर. असं करू नये, हे मीच वर्गात शिकवत असे.

पोशेरा गावात जनी होती. कडेवर तिची धाकटी, सविता. दीड वर्षाची पोर, पण उचलली तर हातात काही आहे असं वाटू नये. जनीने पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं, "ताई, पंधरा दिस मी दवाखान्यात बसली तर आवणी कोण करील? ना घरच्या दोघांना कोण रांधून घालील?"

भाताची लावणी तोंडावर, घरात आणखी दोन लहान मुलं. यात न कळण्यासारखं काय होतं? पण यात माझा विषय कुठे होता? मी पुन्हा गेले. भगत काही म्हणाला का, म्हणून विचारलं.

"त्याला कवा इचारू? तोपण आवणीलाच गेलाय."

मी आणखी एकदा गेले. तिने कोरा चहा ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली. "ताई, तुमाला भगताचंच पायजे ना? मंग लिवा भगताचं. इतक्या लांबून येता." शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

आणि लिहिलं.

थट्टा आहे हे कळलं नव्हतं का मला? कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

पुढे मोखाड्याला बैठक झाली. मी अहवाल मांडला. उदाहरण म्हणून जनीचं नाव घेतलं — नाव घेतलं की बोलण्याला वजन येतं ना. आयांनाही बोलावलं होतं, जनी मागे खाली बसली होती. एक साहेब तिला उभं करून म्हणाले, "काय गं, पोर वाळून चाललीय आणि तू भगताच्या नादी लागतेस? आई आहेस का कोण?"

ती साहेबांकडे बघतच नव्हती. "ताई," ती मला म्हणाली, "सांगा ना त्यांना."

एक वाक्य पुरलं असतं. मी — पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायले. हळूहळू, सगळा पेला. तोवर साहेब दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

आई दवाखान्यात असताना घरच्या मुलांच्या जेवणाची सोय करा, लावणीला कुणाचा हात द्या — हे मला सुचवता आलं असतं. त्याऐवजी गावोगाव भगताविरुद्ध पथनाट्यं झाली. आयांनी ती बघितली आणि त्या लावणीला गेल्या.

मग मी ते कामच सोडलं. लाजेपोटी? तसं म्हणायला आवडलं असतं. पण पुण्यात मार्केटिंग शिकवायची नोकरी मिळाली, पगार बरा होता, म्हणून गेले. आणि पहिल्याच तासाला काय काढलं असेल? जनी. ग्राहकाच्या मनातल्या समजुती कशा असतात, याचा नमुना म्हणून. कडेवर मूल असल्यासारखी कंबर वाकडी करून उभी राहायचे, तिच्यासारखी बोलायचे. वर्ग लोटपोट व्हायचा. दरवर्षी मी तिला थोडी आणखी अडाणी करत गेले. निवृत्तीच्या समारंभातही मुलांनी तीच गोष्ट मागितली. सांगितली.

परवा नात आली. ती मॅनेजमेंट शिकतेय. म्हणाली, "आजी, मला वर्गात बोलायचंय. तुझी ती भगतवाली गोष्ट दे ना." आता तरी खरं सांगावं की नाही? मी उठून उभी राहिले, गुडघे दुखत होते तरी, आणि कंबर वाकडी केली. ती पोट धरून हसली. मोबाइलवर सगळं टिपून घेतलं.

मग सहज म्हणाली, "आणि आजी, त्या बाळाचं काय झालं गं पुढे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "झाली की बरी."

मला ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही.